कयाकवरून गरवताना : वाचकांचे प्रश्न

दसरा-दिवाळीच्या सुमारास खाडीचं पाणी निवळायला लागतं आणि आमच्याकडे एकाच चालीची पत्रं येऊ लागतात : कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) घेऊन खाऱ्या पाण्यात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचंय, सुरुवात कुठून करू? त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं कोकणातल्या खाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. लाटा फुटणारा उघडा किनारा हा दुसऱ्या वर्षीचा अभ्यास, त्याची घाई नको.

वजन ८५ किलो. पुण्यात राहतो, कयाक गाडीच्या टपावरून न्यावी लागेल. हवा भरायची घ्यावी की कडक? लांबी किती? (वाचक, पुणे)

कडक प्लास्टिकची, ‘सिट-ऑन-टॉप’ प्रकारची घ्या. हिचा पोकळ सांगाडा वरून बंद असतो, आपण त्यावर बसतो आणि अंगावर आलेलं पाणी तळातल्या आरपार भोकांतून आपसूक निघून जातं. लांबी १० ते १२ फूट, रुंदी ३० ते ३४ इंच. दहा फुटांपेक्षा आखूड होडी वल्ह्याच्या दर फटक्याला तोंड फिरवते, नाकासमोर जातच नाही. बारापेक्षा लांब असली की एकट्याने टपावर चढवताना कंबर बोलते. या मापाच्या कयाकचं रिकामं वजन २५ ते ३५ किलो भरतं.

कंपनीने छापलेला भार म्हणजे होडी जेमतेम तरंगते तो आकडा. त्याचा दोन-तृतीयांश धरून चाला. तुमचे ८५, सामान पंधरा, पाणी-बर्फ-मासे मिळून दहा, असे ११० किलो झाले. म्हणजे छापील आकडा १६५ च्या वर हवा.

हवेची कयाक तलावात ठीक. आपल्या खाड्यांत खडकांवर, जेटीच्या खांबांवर आणि तिवरांच्या मुळांवर कालवं बसलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. शिवाय हलकी असल्यामुळे ती वाऱ्यावर पतंगासारखी सरकते. पायडलवर चालणारी कयाक हात मोकळे ठेवते, पण तिची खालची पाती फूटभर पाण्यात चिखलाला लागतात आणि त्यांत तुटक्या जाळ्यांचे धागे गुंततात. आधी वल्हं शिका. एवढ्या रुंद होडीला २४० सेंटिमीटरचं वल्हं लागतं. २२० चं घेतलंत तर दर फटक्याला बोटांची सालं होडीच्या कडेवर निघतील.

टपावर उपडी बांधा, साध्या बकलच्या पट्ट्यांनी. रॅचेटच्या (खटक्याने करकचून आवळत जाणाऱ्या) पट्ट्यांनी आवळून दुपारभर उन्हात ठेवली की प्लास्टिक नरमतं आणि तळाला पोचा पडतो.

पोहता येत नाही, पण लाइफ जॅकेट घालणार आहे. चालेल ना? (वाचक, कल्याण)

नाही. जॅकेट तुमचं तोंड पाण्यावर ठेवतं. वाऱ्यावर निघालेल्या होडीपर्यंत ते तुम्हाला नेत नाही. कपड्यांसकट पन्नास मीटर पोहता येईपर्यंत कयाक लांबणीवर टाका.

ज्यांना पोहता येतं त्यांनी फोमचं, किमान ५० न्यूटन तरणशक्तीचं जॅकेट घ्यावं. अंगात घालून, पट्टे आवळून, कुणाला तरी खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते मोठं आहे. पाठीचा फोम वरच्या बाजूला असलेलं निवडा, नाहीतर खुर्चीची पाठ टोचत राहते आणि मग माणूस अर्ध्या तासात जॅकेट काढून मागे टाकतो. सगळा खर्च वाया जातो तो तिथेच.

भरती-ओहोटी पाहून जा, असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय पाहायचं? (वाचक, पेण)

तीन गोष्टी : पाणी किती चढणार, केव्हा फिरणार आणि ते फिरेल तेव्हा तुम्ही कुठे असाल.

मुंबई-अलिबागकडे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक वर-खाली होते. मालवणकडे दोन मीटरच्या आसपास. हे पाणी सहा तासांत सारख्या गतीने उतरत नाही. ढोबळ हिशेब असा : एकूण फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चार मीटरचं उधाण असेल तर एकट्या तिसऱ्या तासात एक मीटर पाणी निघून जातं. खाडीच्या अरुंद तोंडाशी तेव्हा ताशी चार-पाच किलोमीटरची ओढ लागते. सामान लादलेली कयाक नवशिक्याच्या हातून ताशी चारच्या आसपास चालते. म्हणजे तुम्ही जीव खाऊन वल्हवताय आणि शेजारची खूण तिथेच उभी आहे.

म्हणून पहिले सात-आठ फेरे भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत करा. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी, म्हणजे नवमी-दशमीला, पाण्याची ओढ सगळ्यात कमी असते. मग ती शुद्ध असो की वद्य. वेळेसाठी कोळ्यांचा जुना हिशेब अजूनही कामाचा आहे : तिथीला तीनने गुणा, चारने भागा, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. दशमी, दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. सकाळी साडेसातला भरती, संध्याकाळी आठच्या सुमारास पुन्हा. अर्धा तास इकडेतिकडे होतो. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. मालवण-वेंगुर्ल्याकडे पाणी साधारण तासभर आधी लागतं. हिशेब झाला की छापील भरतीतक्त्याशी ताडून घ्या.

आता दशमीचा दिवस मांडून पाहू. खाडीतल्या एखाद्या जेटीवरून सकाळी सहाला होडी पाण्यात. शेवटच्या दीड तासाची भरती तुम्हाला आतल्या बाजूला नेते, वल्हं नुसतं दिशा धरायला. साडेसातला पाणी थबकतं. त्या वीस-तीस मिनिटांत आतल्या खोल वळणांवर गरवून घ्या. आठनंतर सुकती, म्हणजे ओहोटी, लागते, ती तुम्हाला उतारावर जेटीकडे आणते. वाटेत खाजणांतून (भरतीचं पाणी शिरणाऱ्या खारजमिनीतून) जे छोटे नाले खाडीत उतरतात, त्यांच्या तोंडाशी थांबत या. उतरत्या पाण्याबरोबर कोळंबी आणि बोय माशांची पिल्लं बाहेर पडतात आणि जिताडा, खाडीतला मोठा शिकारी मासा, नेमका तिथे, नाल्याचं गढूळ पाणी खाडीच्या पाण्याला मिळतं त्या रेघेवर, तोंड वर करून उभा असतो. दहाच्या आत जेटीला लागलात तर पायऱ्यांजवळ अजून पाणी असतं. बाराला आलात तर मध्ये गुडघाभर चिखल, आणि तीस किलोची होडी ओढायची.

एक जागा मात्र भांगातही टाळा : खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा. सुकतीचं पाणी बाहेर जात असताना समोरून समुद्राची लाट आली की ती दांड्यावर उभी राहून फुटते. आतून पाहिलं तर लाटेची पाठ दिसते, ती सपाट वाटते. तोंड दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

अलिबाग तालुक्यातल्या एका पुळणीवरून सकाळी निघालो. पाणी आरशासारखं. तासाभरात किनारा लांब गेला, परतताना दोन तास लागले. चुकलं कुठे? (वाचक, पनवेल)

आरशासारखं दिसलं तिथेच. थंडीच्या दिवसांत पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ त्याला लाट उठवायला अंतरच मिळत नाही, म्हणून पाणी शांत दिसतं. अर्धा किलोमीटर बाहेर तोच वारा चांगली खळबळ करतो. आणि तोवर तो तुम्हाला पाठीवर थाप मारून पुढे नेत असतो. गळ टाकून बसलेल्या माणसाला आपण सरकतोय हे कळतही नाही. नंतर अकरा-साडेअकराला समुद्रावरचा खारा वारा वायव्येकडून सुरू झाला की आडव्या लाटा.

निघताना किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, समजा माड आणि त्यामागची पाण्याची टाकी. दर दहा मिनिटांनी मान वळवून पाहा. रेष मोडली की तुम्ही बाजूला सरकलात. आणि जाताना नेहमी वाऱ्याच्या तोंडाकडे जा, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. अंदाजात वारा ताशी १५ किलोमीटरहून जास्त असेल तर नवशिक्याने होडी टपावरून उतरवूच नये. पाण्यावर असताना लाटांच्या माथ्यांवर पांढरा फेस दिसायला लागला की गळ गुंडाळा.

उलटलो तर पुन्हा चढायचं कसं? (वाचक, रत्नागिरी)

हे वाचून येत नाही, छातीभर पाण्यात दहा-बारा वेळा करूनच येतं. क्रम असा.

पहिल्यांदा होडी पकडा, टोपी-चप्पल नंतर. उपड्या होडीच्या मध्यावर या, तळावरून हात पलीकडे टाका आणि दूरची कड किंवा तळाचं भोक धरा. गुडघे जवळच्या कडेवर टेकवून अंग मागे झोकून द्या, होडी तुमच्याकडे सुलटी होईल. आता खुर्चीच्या शेजारी या, दोन्ही हात पलीकडच्या कडेपर्यंत न्या. इथे बहुतेक जण चुकतात : पाय पाण्यात उभे सोडून भिंतीवर चढल्यासारखं स्वतःला वर उचलू पाहतात. पाय होडीखाली जातात, होडी अंगावर येते आणि पुन्हा उलटते. आधी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणा, पोहल्यासारखे जोरात मारा आणि बेडकासारखं पोटावर आडवं घसरत होडीवर या. बेंबी पलीकडच्या कडेला लागेपर्यंत. मग कुशीवर वळून बूड खुर्चीत, आणि सगळ्यात शेवटी पाय. पोट, बूड, पाय, हाच क्रम. दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबून श्वास घ्या, ताकद संपली की पुढचा प्रयत्न आणखी वाईट होतो.

लाटेत पडलात तर होडी आणि किनारा यांच्या मध्ये कधी राहू नका. पाण्याने भरलेली कयाक लाटेबरोबर येऊन बरगड्या मोडते.

वल्हं दोरीने होडीला बांधलेलं हवं, गळकाठ्याही. मात्र कुठलीच दोरी तुमच्या अंगाला गुंडाळलेली नको, आणि जॅकेटवर हाताला येईल अशी छोटी सुरी हवी. फोन दोन पिशव्यांत बंद करून अंगावर ठेवा, होडीत नाही. होडी गेली की फोनही जातो. त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन नंबर आधीच साठवून ठेवा. शिट्टी गळ्यात. मागे सव्वा मीटर उंच काठीवर नारिंगी झेंडा लावा, कारण धरमतरसारख्या खाडीत बार्जची (सपाट मालवाहू बोटींची) ये-जा चालते आणि बार्जवरून तुम्ही म्हणजे पाण्यावरचा एक ओंडका.

जिताडा आणि तांबोशीसाठी कसली गळकाठी, रीळ, दोरी घ्यावी? (वाचक, दापोली)

काठी साडेसहा ते सात फूट. कयाकवर ही लांबी महत्त्वाची आहे : मासा होडीखालून पलीकडे गेला की काठीचं टोक होडीच्या नाकापुढून फिरवून त्या बाजूला न्यावं लागतं. सहा फुटी काठी पोचत नाही आणि दोरी तळावर घासून तुटते. आठ फुटी काठीचं टोक बसल्या जागेवरून हाताला लागत नाही, गाठ अडकली तर उभं राहावं लागतं.

रीळ ३००० ते ४००० मापाचं, त्यावर ३० पौंड ताण सोसणारी विणलेली दोरी दीडशे-दोनशे मीटर. पुढे दोरी आणि गळ यांच्या मधला तुकडा, म्हणजे ४० ते ५० पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर, ६० ते ९० सेंटिमीटर. लीडर दातांसाठी नाही. जिताड्याचे ओठ कानशीसारखे असतात आणि गालफडाची कड सुरीसारखी. फेकताना लीडरची गाठ काठीच्या टोकाबाहेर राहील एवढाच तो लांब ठेवा.

ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रिळातून दोरी सुटू लागेल ती मर्यादा, हाताने अंदाज करून लावू नका. काठी तिरपी धरून दोरीला ताणकाटा अडकवा आणि तीन किलोला दोरी सुटेल असं बसवा. जमिनीवरून पाच किलो चालेल, पण कयाक स्वतःच माशामागे ओढली जाते, ती निम्मं काम करते. तांबोशी मात्र लागताक्षणी मुळांत शिरते. तिच्यासाठी मुळांपासून आठ-दहा मीटर दूर राहा आणि आमिष फेकताना होडीचं नाक आधीच बाहेरच्या दिशेला करून ठेवा.

आमिषात जिवंत कोळंबीला तोड नाही. शेपटीच्या शेवटच्या पेरातून गळ घाला, डोक्यातून नाही. सर्कल गळ (टोक आत वळलेला) ३/० ते ५/० मापाचा. हा गळ लावल्यावर झटका द्यायचा नसतो, दोरी ताणत गेली की तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. वर्षानुवर्षं साध्या गऱ्यांवर हात बसलेल्यांना हे सोडवत नाही आणि ते मासे गमावतात. कृत्रिम आमिषांत १० ते २० ग्रॅम डोक्याचे रबरी मासे आणि नऊ-दहा सेंटिमीटरचा एखादा मिनो (छोट्या माशाच्या आकाराचं कडक आमिष) पुरे. डबा भरून नेऊ नका, होडीवर जागा नसते.

मासा जवळ आला की काठी सरळ उभी करायची नाही, तिचं टोक तिथेच मोडतं. पाय दोन्ही बाजूंना पाण्यात सोडा, होडी स्थिर होते. जाळीत मासा डोक्याकडून घ्या.

नांगर टाकला की होडी कलते आणि पाणी आत येतं. नांगर जड घ्यावा का? (वाचक, मुरूड)

नांगर नाही, बांधायची जागा चुकतेय. तुम्ही दोर खुर्चीजवळच्या कडीला बांधत असणार. मग ओढीचं पाणी आडव्या होडीवर साचतं, नांगराकडची कड खाली खेचली जाते आणि एका क्षणी होडी सरळ गुंडाळली जाते. दोर नेहमी होडीच्या टोकाला असला पाहिजे, शक्यतो नाकाला. मागचं टोक पेटी आणि बर्फाने आधीच दबलेलं असतं.

बसल्या जागेवरून दोर नाकापर्यंत न्यायला होडीच्या एका बाजूने दोन्ही टोकांना छोट्या कप्प्या लावून त्यांतून दोरीचं कडं फिरवतात. मध्ये एक रिंग. नांगराचा दोर त्या रिंगेतून घालायचा आणि कडं ओढून रिंग नाकाशी न्यायची. उचलताना रिंग परत जवळ आणायची.

दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो. दोर सहा मिलिमीटरचा, खोलीच्या पाचपट सोडायचा. चार मीटर पाण्यात वीस मीटर. कमी सोडला की नांगर चिखलात आडवा न बसता उड्या मारतो. खडकात अडकू नये म्हणून दोर नांगराच्या खालच्या कडीला बांधा आणि वरच्या कडीला बारीक प्लास्टिक पट्टीने नुसता आवळा. अडकला तर जोराने ओढा, पट्टी तुटते आणि नांगर उलटा होऊन सुटतो.

दोराचं होडीकडचं टोक पक्क्या गाठीने बांधू नका. तिथे एक बोया (तरंगता गोळा) लावून दोर फक्त खाचेत अडकवा, म्हणजे बार्ज आली किंवा मोठा मासा लागला तर दोर सोडून जाता येतं आणि बोया तुमची वाट पाहत राहतो. उधाणाच्या सुकतीत नांगर टाकायचाच नाही.

होडीच्या पोटात दर वेळी दोन-तीन लिटर पाणी सापडतं. (वाचक, सावंतवाडी)

आधी मागच्या बुचाचं रबर पाहा, वाळूचा एक कण पुरतो. ते ठीक असेल तर होडी कोरडी करून उलटी ठेवा, बूच काढा आणि तळातल्या भोकांभोवती साबणाचं पाणी लावून बुचातून तोंडाने फुंका. बुडबुडे येतील तिथे चीर. भोकांत दांडे घालून चालवायची गाडी वापरत असाल तर चीर बहुतेक तिथेच असते. पट्ट्यांनी बांधायची गाडी घ्या. प्लास्टिक त्याच जातीच्या प्लास्टिकने वितळवूनच जोडलं जातं. एम-सील किंवा फेव्हिक्विक दोन फेऱ्यांत सुटतं.

शिंगाळा माशाचा काटा हातात घुसला, तळहात सुजला. काय करायला हवं होतं? (वाचक, गुहागर)

गरम पाणी. पोळणार नाही इतपत, ४५ अंशांपर्यंत, त्यात हात अर्धा ते दीड तास. त्या विषाचा ठणका उष्णतेने उतरतो. पाणी आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याला उलटे दाते असतात, तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टरकडून काढून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. पुढच्या वेळी पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन असे तीन काटे पक्कडीने धरल्याशिवाय हात लावू नका. उथळ पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बसलेलं असतं, धक्का लागला की ते निघून जातं, पाय पडला की शेपूट मारतं.

कोळीबांधव आक्षेप घेतील का? कुठे जाऊ नये? (वाचक, नाशिक)

आधी जाऊन बोललात तर सहसा नाही. गावच्या बंदरावर सांगा की गळ घेऊन जातोय, मासे विकणार नाही. जाळी कुठे लागलीत हे तेच सांगतील, आणि ते स्वतःच्या जिवासाठीही विचारून घ्यायला हवं. खाडीत रोवलेल्या डोल जाळ्यांच्या आणि खुंटांच्या वरच्या अंगाला कधी थांबू नका. ओढ तुम्हाला त्यांवर आणून दाबते. दाबलेच गेलात तर अंग खुंटाकडे झुकवा. घाबरलेला माणूस उलटीकडे झुकतो आणि पाणी त्या बाजूने आत शिरतं. किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं लांब जाळं) ओढत असतील तर दोन्ही दोरांच्या मधून जायचं नाही, वळसा घाला.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, ठाणे खाडीतलं रोहित पक्ष्यांचं २०१५ पासून. तिथे गळ नको. सावित्री आणि वाशिष्ठीत वरच्या अंगाला, महाड-चिपळूणकडे, मगरी आहेत. पाय बाहेर सोडून बसायची सवय तिकडे नेऊ नका. १ जूनला पावसाळी बंदी लागते ती यांत्रिक नौकांना, पण त्या दिवसांत कयाक माळ्यावरच बरी.

पहिलाच मोठा जिताडा मिळाला तर ठेवावा की सोडावा? आणि ठेवला तर टिकवायचा कसा? (वाचक, वाशी)

जिताडा जन्माला नर म्हणून येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मीटरभर लांबीचा मासा बहुतेक मादीच, आणि पावसात खाडीच्या तोंडाशी लाखोंनी अंडी घालणारी तीच. आमचं मत स्पष्ट आहे : दोन ते तीन किलोचा ठेवा, त्याहून मोठा सोडा. आमटीलाही मधलाच चांगला लागतो. राज्य सरकारने २०२३ मध्ये अनेक जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, तेव्हा होडीच्या कडेवर मार्करने सेंटिमीटरच्या खुणा करून ठेवा.

ठेवायचा तर लगेच कल्ल्यांमागे चीर देऊन रक्त जाऊ द्या, मग माशाच्या वजनाइतका कुस्करलेला बर्फ आणि त्यात तांब्याभर खाडीचं पाणी. नुसत्या बर्फाच्या लाद्यांवर मासा एकाच बाजूने गार होतो. सोडायचा तर जबड्याला धरून उभा लटकवू नका, मणका निखळतो. पोटाखाली हात द्या, फोटो पाण्यालगत काढा आणि ओढ जिकडून येते तिकडे तोंड करून धरा. शेपटीचा पहिला जोराचा फटका बसला की हात आपणच सुटतो.